पेरू का थांबू?

मे महिना सरत आला होता. मामाचा फोन आला. मामा बीड जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतो. सोयाबीनचं बियाणं घरात येऊन पडलेलं, खताच्या गोण्या ओसरीवर रचलेल्या, देणं डोक्यावर आणि वळवाच्या दोन सरींनी रान नुकतंच ओलं झालेलं. खुशाली विचारायलाही तो थांबला नाही. म्हणाला, "आरं, तुमच्या पुण्यात ती मोठी वेधशाळा हाय ना? त्यांना इचारून एवढंच सांग. पेरू का थांबू?"

मी फोनवरच हवामान खात्याचं पत्रक उघडलं आणि त्याच्या जिल्ह्यापुढची ओळ वाचून दाखवली. तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट व सोसाट्याच्या वाऱ्यासह हलका ते मध्यम पाऊस पडण्याची शक्यता. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. आता मराठीत सांग."

पत्रक मराठीतच होतं.

हे दोन वर्षांपूर्वीचं बोलणं मला अजून टोचतं. हवामान खातं १८७५ सालचं. १९२८ मध्ये त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही पुणेकरांच्या तोंडी 'सिमला ऑफिस' आहे. पुण्यातच १९६२ पासून भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, म्हणजे आयआयटीएम आहे. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं राज्यात आहेत. मोसमी पावसावर जगात जे काम चालतं, त्यातलं कितीतरी एकट्या पुण्यात चालतं. आणि तिथून अडीचशे किलोमीटरवर बसलेल्या शेतकऱ्याच्या तीन शब्दांच्या प्रश्नाला त्याला कळेल असं उत्तर मिळत नाही. शास्त्र कमी पडलंय म्हणून नव्हे. शास्त्रज्ञ त्याच्याशी बोलत नाही म्हणून.

माझं म्हणणं सरळ आहे. लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन लोकांच्या हातातल्या फोनवर, लोकांच्या भाषेत, वेळेत पोचवणं ही शास्त्रज्ञाची मेहेरबानी नाही. ते त्याचं काम आहे. आणि त्याला ते करू देणं हे त्याच्या संस्थेचं काम आहे.

०००

आधी त्या 'तुरळक'चं पाहू.

आपण तुरळक म्हणतो तेव्हा आपल्या मनात थोडासा, शिंतोडे उडवून जाणारा पाऊस असतो. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' याचा पावसाच्या जोराशी काही संबंध नाही. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्शाच्या केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते अर्धी केंद्रं. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे अर्धी ते पाऊण. म्हणून 'तुरळक ठिकाणी मुसळधार' ही ओळ वाचून जो माणूस छत्री घरी ठेवतो आणि नदीकाठी जनावरं बांधतो, तो आपल्या मराठीप्रमाणे बरोबर वागतो आणि शास्त्राप्रमाणे संकटात सापडतो.

'मुसळधार' हा शब्दही तसाच. तो चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसासाठी आहे. त्यापुढे २०४.४ पर्यंत 'अति मुसळधार' आणि त्याहून जास्त ते 'अत्यंत मुसळधार'. एक मिलिमीटर पाऊस एक एकरावर पडला तर चार हजार लिटरहून थोडं जास्त पाणी होतं. हा हिशेब कुणी एकदा सांगितला की शेतकरी आकड्यांना घाबरत नाही, पुढचा गुणाकार तो स्वतः करतो. ६५ मिलिमीटर म्हणजे एकरी अडीच लाख लिटरच्या पुढे. आता त्याला कळतं की बांध टिकेल का फुटेल.

इशाऱ्यांच्या रंगांचं तेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत रहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. टीव्हीवर मात्र तिन्ही रंग एकाच आवाजात ओरडून सांगितले जातात, आणि चौथ्या दिवशी माणूस लाल रंगाकडेही पाहीनासा होतो.

आणि तो दरवर्षीचा टक्क्यांचा आकडा. २०२५ च्या एप्रिलमध्ये खात्याने सांगितलं, देशात सरासरीच्या १०५ टक्के पाऊस. चूक पाच टक्के इकडे-तिकडे. ही सरासरी सगळ्या देशाची, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची, म्हणजे ८७ सेंटिमीटर. तीत मेघालयही आहे आणि राजस्थानही. पण चौकात बातमी पोचते ती अशी, "औंदा शंभरच्या वर आहे, बिनधास्त पेरा." तुमच्या तालुक्यात, तुमच्या पेरणीच्या आठवड्यात काय होईल, याचं उत्तर त्या आकड्यात नाही. ज्यांनी आकडा काढला त्यांना हे पक्कं ठाऊक आहे. मग त्यांनीच ते त्याच दिवशी, त्याच आकड्याखाली, दोन ओळींत सांगायला हवं. बातमीदाराने सांगावं म्हणून वाट पाहायची गरज नाही. फोन शास्त्रज्ञाच्याही खिशात आहे.

त्याच वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. सगळीकडे एकच गजर झाला, मान्सून आला. पुढे जूनच्या मध्यापर्यंत तो जागचा हलला नाही. पाऊस लवकर आला म्हणजे तो खंड न पडता पडेल असं नाही, आणि चार महिन्यांची बेरीज जास्त होईल असंही नाही. हे वाक्य अभ्यासकांना नवं नाही. पण २६ मे रोजी ते ज्याच्या फोनवर पोचायला हवं होतं, त्याच्या फोनवर ढोल वाजवणाऱ्या चित्रफिती होत्या.

०००

काही जण बोलतात. त्यांचं नाव घेतलं पाहिजे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यात ७४ मिलिमीटरही भरला नाही. एकाच शहराचं एक टोक बुडत होतं आणि दुसऱ्या टोकाला त्याचा पत्ता नव्हता. दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांतून माणसं नेहमीप्रमाणे घरी निघाली आणि पाण्यात अडकली. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं आणि माणसांच्या हातात आजच्यासारखे फोनही नव्हते.

पुढे रडार आलं. पण रडार येऊन पुरत नाही. ते काय दाखवतंय हे सांगणारा माणूस लागतो. हवामान खात्याचे के. एस. होसाळीकर यांनी वर्षानुवर्षं ते केलं. रात्री-अपरात्री उपग्रहाचं चित्र, रडारचं चित्र, ढग कुठून कुठे चाललेत, पुढच्या तीन-चार तासांत कुणी जपावं, हे चार ओळींत ट्विटरवर टाकलं. मुंबई-ठाण्याच्या कितीतरी लोकांनी घराबाहेर पडण्याआधी त्यांचं खातं उघडून पाहण्याची सवय लावून घेतली. सरकारी पत्रकात जे कोरडं वाटतं, तेच एका ओळखीच्या नावाने सांगितलं की माणूस ऐकतो.

आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल यांचंही तसंच. ते आणि त्यांचे सहकारी यांचा २०१७ चा एक शोधनिबंध आहे. गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात, मोठ्या भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या, असं त्यात दाखवलं आहे. एका दिवसात १५० मिलिमीटर किंवा जास्त, असा पाऊस. निबंध छापून झाला आणि विषय संपला, असं कोल यांनी केलं नाही. दर पावसाळ्यात, दर पुराच्या वेळी ते तो आलेख पुन्हा समोर ठेवतात, अरबी समुद्र तापतोय आणि तिथलं बाष्प आपल्याकडे येतंय हे साध्या शब्दांत सांगतात, आलेल्या प्रश्नांना उत्तरं देतात. २०२४ मध्ये त्यांना राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांतला 'विज्ञान युवा – शांतिस्वरूप भटनागर' पुरस्कार मिळाला. लोकांशी बोलल्याने संशोधन पातळ होतं असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे आहे.

अशी नावं मात्र बोटांवर मोजण्याइतकी आहेत. दुखणं तिथेच आहे.

०००

शास्त्रज्ञ गप्प बसला म्हणून जागा रिकामी राहत नाही. ती कुणीतरी भरतो.

मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात आज व्हॉट्सॲपवर आणि यूट्यूबवर पावसाचे अंदाज सांगणारे घरगुती अंदाजकार लाखोंना पाठ आहेत. शहरातली शिकलेली माणसं त्यांना हसतात. मला हसू येत नाही. त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. ते रोज बोलतात. जिल्ह्याचं, तालुक्याचं नाव घेऊन बोलतात. "शेतकरी बांधवांनो" म्हणतात आणि शेवटी काय करायचं ते सांगतात. काढलेलं सोयाबीन झाकून ठेवा. फवारणी आज नको. मामाच्या प्रश्नाला ते उत्तर देतात. खरं की खोटं हा पुढचा भाग. पण उत्तर देतात.

चूक आहे ती त्यांच्या ठामपणात. तीन आठवड्यांनंतर अमुक तारखेला अमुक तालुक्यात पाऊस, असं आजचं कोणतंही शास्त्र सांगू शकत नाही. चार-पाच दिवसांपर्यंतचा अंदाज बराच भरवशाचा असतो. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज काढतं, पण तो मोठ्या भागाचा आणि पावसाच्या कमी-जास्त कलाचा असतो. तारखेचा नसतो. ही मर्यादा हा शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे. तो प्रामाणिकपणा कुणी समजावून सांगत नाही, म्हणून तो लोकांना दुबळेपणा वाटतो. एकीकडे "शक्यता आहे", दुसरीकडे "पाऊस पडणारच". कर्ज काढून बियाणं आणलेला माणूस कुणाचं ऐकेल?

आणि ऐकल्याची किंमत तोच मोजतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं आपली कृषी विद्यापीठं आणि कृषी खातं सांगत आलं आहे. त्यामागचं कारण सोपं आहे. तेवढ्या पावसाने ओल खाली मुरते आणि मधे दहा-पंधरा दिवस उघडीप पडली तरी कोंब तग धरतो. वरचं चार बोटं रान ओलं पाहून पेरलं की बी उगवतं आणि उन्हात करपतं. मग दुबार पेरणी. पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी, पुन्हा उसनवारी. मामा त्या वर्षी थांबला, कारण हा नियम त्याने त्याच्या वडिलांकडून ऐकला होता. बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याने फोनवरची तारीख धरून पेरलं. जून संपायच्या आत त्याला दुसऱ्यांदा बियाणं आणावं लागलं.

०००

आता पैशाचं.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना वाचायला मिळावीत म्हणून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. योजना चांगली आहे. गावाकडच्या सरकारी महाविद्यालयातल्या पोरालाही आता ती नियतकालिकं उघडता येतील. पण हे ६,००० कोटी ज्याच्या खिशातून गेले, तो सामान्य माणूस या दाराबाहेरच आहे. आणि दार उघडून दिलं तरी आत सगळं इंग्रजीत आहे.

आयआयटीएमच्याच मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांचा २०२१ चा एक निबंध घ्या. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, असं त्यात आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली इथल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेली, बापाने जपलेली झाडं एका दुपारी गेली. पुढच्याच मे महिन्यात 'तौक्ते' आलं. बाग पुन्हा उभी करायला वर्षानुवर्षं लागतात. ती कुठे लावावी, वाऱ्याच्या अंगाला काय लावावं, छप्पर कसं बांधावं, विमा घ्यावा की नाही, हे सगळं ठरवताना त्या बागायतदाराला '५२ टक्के' हा आकडा कळायला नको? तो निबंध ज्या समुद्राबद्दल आहे, त्याच समुद्राकडे तोंड करून याचं घर आहे.

आणि जे थोडेफार पूल होते, ते आपण पाडले. २०१८ पासून देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं उभी राहिली होती. हवामान खात्याचा अंदाज घ्यायचा, तालुक्यानुसार पिकांचा सल्ला करायचा, स्थानिक भाषेत लिहायचा आणि शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर पाठवायचा, हे तिथल्या तरुण मुला-मुलींचं काम होतं. मामाला "मराठीत सांगणारी" माणसं ती हीच. २०२४ च्या मार्चमध्ये ही केंद्रं बंद झाली. विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली 'विज्ञान प्रसार' ही केंद्राची संस्था २०२३ मध्ये गुंडाळली गेली. 'मेघदूत' आणि 'दामिनी' ही ॲप चांगली आहेत. वीज पडण्याचा धोका 'दामिनी' आधी सांगतं आणि त्याने जीव वाचतात. पण ॲपला उलट प्रश्न विचारता येत नाही. माणसाला विचारता येतो.

०००

आणि जिथे शास्त्रज्ञ बोलायला लागतात, तिथे त्यांच्या तोंडावर हात ठेवला जातो.

जानेवारी २०२३. उत्तराखंडातलं जोशीमठ खचत होतं. शेकडो घरांना तडे गेलेले, माणसं थंडीत घराबाहेर. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहाच्या आधारे सांगितलं की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खाली गेली आहे. त्यानंतर १३ जानेवारीला राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं पत्र निघालं. इस्रोसकट अनेक संस्थांना सांगण्यात आलं की या विषयावर माध्यमांशी बोलू नका आणि समाजमाध्यमांवर माहिती टाकू नका, त्याने गोंधळ होतो. इस्रोचा तो अहवाल संकेतस्थळावरून नाहीसा झाला. तज्ज्ञांचे अहवाल लोकांसमोर यायला सप्टेंबर उजाडला, तोही उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर.

गोंधळ कशाने होतो? ज्याच्या भिंतीत मूठ जाईल एवढी भेग आहे, त्याला ५.४ हा आकडा कळल्याने गोंधळ होत नाही. तो कळू दिला नाही की होतो. जोशीमठात जड बांधकाम करू नका, उतारावरचे दगड हलवू नका, असं १९७६ मध्येच मिश्रा समितीने लिहून ठेवलं होतं. तो इशारा कागदावरच राहिला. सत्तेचाळीस वर्षांनी आकडा फोनवर आला, तर तो काढून घेतला.

आपल्याकडे हे नवीन नाही. माधव गाडगीळ यांच्या समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्राला दिला. मे २०१२ पर्यंत तो लोकांना पाहायला मिळाला नाही. माहिती आयोगाने तो उघड करायला सांगितलं, पर्यावरण मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, मग अहवाल उघड झाला. गाडगीळांचं म्हणणं होतं की हा अहवाल स्थानिक भाषांत जावा आणि ग्रामसभांनी त्यावर बोलावं. ज्यांच्या डोंगराबद्दल तो होता, त्यांच्यापर्यंत तो अपुऱ्या बातम्यांतून आणि पुढाऱ्यांच्या भाषणांतून पोचला. "तुमच्या जमिनी जाणार" एवढंच त्यांना सांगितलं गेलं. अहवालात काय आहे हे लोकांनी वाचण्याआधीच त्याला विरोध उभा राहिला होता.

०००

शास्त्रज्ञांच्या अडचणी खोट्या नाहीत. त्यांनाही उत्तर द्यायला हवं.

पहिली अडचण, घाई. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या काही संशोधकांनी नव्या करोना विषाणूत एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे सापडल्याचा कच्चा निबंध ऑनलाइन टाकला. तो वणव्यासारखा पसरला. विषाणू माणसाने बनवला, या समजुतीला त्याने खतपाणी मिळालं. पण पुढची गोष्टही सांगायला हवी. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याच समाजमाध्यमांवर काही तासांत दाखवून दिलं की असे तुकडे इतर कितीतरी सजीवांतही सापडतात. दोन दिवसांत लेखकांनीच निबंध मागे घेतला. चूक उघड्यावर झाली, म्हणून दुरुस्तीही उघड्यावर आणि लगेच झाली. यातून शिकायचं ते एवढंच, की तपासून झालेलं आणि तपासायचं राहिलेलं यांत फरक आहे हे पहिल्या ओळीत लिहा.

दुसरी अडचण, आपलं चुकलं तर लोक काय म्हणतील. २०२३ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या काही संशोधकांनी एलके-९९ नावाचा पदार्थ साध्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला जराही विरोध न करणारा, असल्याचा दावा केला. खरं असतं तर विजेचं जग बदललं असतं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतले व्ही. पी. एस. अवाना यांनी तो पदार्थ बनवून पाहिला आणि आपल्या हाती काय आलं ते फेसबुकवर लिहीत गेले. तो अतिवाहक निघाला नाही. हेही त्यांनी लिहिलं. त्या दिवसांत जगभरचे अभ्यासक एका भारतीय शास्त्रज्ञाच्या फेसबुकच्या भिंतीवर डोळे लावून बसले होते. हाती नकार आला तरी तो सांगितला, म्हणून त्यांचं नाव मोठं झालं. पावसाचा अंदाज चुकला तर तो का चुकला हे दुसऱ्या दिवशी सांगणारा शास्त्रज्ञ लोकांना अधिक जवळचा वाटेल. लोकांचा राग चुकीवर कमी असतो, चुकीनंतरच्या गप्प बसण्यावर जास्त असतो.

तिसरी अडचण सगळ्यांत खरी, वेळ आणि बढती. शास्त्रज्ञाचं मोजमाप निबंधांच्या संख्येवर होतं. मराठीत लिहिलेली पोस्ट, तिला आलेल्या दोनशे शेतकऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं, यांना त्याच्या वार्षिक अहवालात रकाना नाही. २०२२ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 'वैज्ञानिक सामाजिक जबाबदारी'ची मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक वैज्ञानिकाने वर्षातले निदान दहा दिवस समाजासाठी द्यावेत, असं त्यात म्हटलं आहे. कागद तयार आहे. आता रकाना हवा. त्या दहा दिवसांत काय केलं हे विचारलं जावं आणि बढतीच्या वेळी ते धरलं जावं.

०००

म्हणून पुण्यातल्या, राहुरीतल्या, परभणीतल्या, अकोल्यातल्या आणि दापोलीतल्या प्रत्येक संशोधकाला माझं सांगणं आहे. तुमचा पुढचा निबंध छापून येईल, त्याच दिवशी मराठीत पाच ओळी लिहा. काय सापडलं. कुठल्या भागाला लागू आहे. किती खात्री आहे. काय अजून कळलेलं नाही. आणि वाचणाऱ्याने काय करावं. मराठी पक्की नसेल तर संस्थेत मराठी जाणणारं कुणीतरी असतंच, त्याच्याबरोबर बसा. खाली आलेल्या पहिल्या दहा प्रश्नांना स्वतः उत्तर द्या. मोठं शब्दभांडार लागत नाही. ओल, वाफसा, उघडीप, झड, खंड, रिमझिम हे सगळे शब्द शेतकऱ्याने आधीच तयार करून ठेवलेत.

संस्थांच्या प्रमुखांना सांगणं आहे, परवानगीचे कागद फिरवणं थांबवा. धोरणावर टीका करायची परवानगी कुणी मागत नाहीये. शास्त्रज्ञ मागतोय ती पाऊस किती पडेल हे सांगायची.

सरकारला सांगणं आहे, ती १९९ केंद्रं पुन्हा सुरू करा.

आणि वाचणाऱ्यांना सांगणं आहे. पावसाची तारीख सांगणारा निरोप पुढे पाठवण्याआधी एकदा हवामान खात्याचं पान उघडा. जो शास्त्रज्ञ तुमच्या भाषेत बोलतो, त्याच्या पोस्टखाली शिव्या घालण्याऐवजी प्रश्न विचारा. अंदाज चुकला तर का चुकला तेही विचारा. विचारणारे वाढले की बोलणारेही वाढतील.

यंदाही मे महिन्याच्या अखेरीस मामाचा फोन येणार आहे. त्याचा प्रश्न तोच असेल. त्याचं उत्तर द्यायचं काम माझं नाही, फोनवर तारखा सांगणाऱ्याचंही नाही. ज्याने आयुष्यभर ढगांचा अभ्यास केला, त्याचं ते आहे. त्याने बोलावं.